घटक ४ : लोकउठाव आणि सत्तेची शब्दयोजना (वडूज १९४२ ते अरब देश २०११)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• लोकउठावासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांमागील भूमिका ओळखता येईल.
• मराठी वाक्यातील कर्त्याचे स्थान आणि जबाबदारी यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• वडूजचा मोर्चा आणि अरब देशांतील उठाव यांना पाश्चात्त्य सरकारांनी दिलेल्या प्रतिसादांची तुलना करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शब्दाचा वाच्यार्थ आणि त्याची भावच्छटा यांतील भेद पाहिला. 'मोर्चा', 'जमाव', 'दंगा', 'बंड', 'उठाव', 'क्रांती' हे शब्द एकाच घटनेला लावता येतात, परंतु ते परस्परांचे समानार्थी नाहीत. 'दंगा' म्हटले की बंदोबस्त आठवतो, 'उठाव' म्हटले की अन्याय आठवतो. यांपैकी कोणता शब्द निवडला जातो, हे बहुधा घटनेच्या स्वरूपापेक्षा बोलणाऱ्याच्या हितसंबंधांवर ठरते. या विधानाची तपासणी आपण प्रथम आपल्या परिसरातील एका घटनेच्या आधारे करू.

४.२ वडूज, ९ सप्टेंबर १९४२

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राष्ट्रीय नेत्यांना अटक झाली. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग समाविष्ट होता. या जिल्ह्यात कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा ठिकाणी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कचेरीवर तिरंगा लावणे म्हणजे परकीय सत्तेचा अधिकार आम्ही मानत नाही असे जाहीर करणे होते. तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला. वडूजला मात्र गोळ्या झाडल्या गेल्या.

९ सप्टेंबर रोजी खटाव तालुक्यातील गावोगावचे शेतकरी वडूजच्या कचेरीकडे निघाले. मोर्चाच्या अग्रभागी वडगावचे परशुराम घार्गे होते. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात घार्गे यांच्यासह नऊ जणांना प्राण गमवावे लागले. वडूजमधील हुतात्मा स्मारक त्यांच्या स्मरणार्थ उभे आहे. आपणांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल.

४.३ वाक्यातील कर्ता

आता पुढील तीन वाक्ये पाहा. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(अ) पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या.
(आ) वडूज येथे गोळीबार झाला.
(इ) पोलिसांना गोळीबार करावा लागला.

अनेक विद्यार्थी असे समजतात की कर्मणी प्रयोगात जबाबदारी लपते आणि कर्तरी प्रयोगात ती उघड होते. मराठीत हा नियम टिकत नाही. वाक्य (अ) हे कर्मणी आहे, कारण 'झाडल्या' हे क्रियापद 'गोळ्या' या कर्मानुसार चालते. तरीही 'पोलिसांनी' हा कर्ता वाक्यात ठळकपणे उपस्थित आहे. उलट वाक्य (आ) हे कर्तरी आहे, परंतु त्याचा व्याकरणिक कर्ता 'गोळीबार' हा आहे. पाऊस झाला, वादळ झाले, तसा गोळीबार झाला! वाक्य (इ) मध्ये पोलीस आहेत, पण ते चतुर्थीत गेले आहेत, आणि 'लागणे' या सहायक क्रियापदामुळे कृतीचे रूपांतर नाइलाजात झाले आहे. वाचकाची सहानुभूती नकळत गोळी झाडणाऱ्याकडे सरकते. म्हणून सरकारी निवेदन वाचताना प्रयोग ओळखून थांबू नये. कृती करणारा वाक्यात आहे का, आणि असल्यास कोणत्या विभक्तीत आहे, हे पाहावे.

४.४ एक उठाव, दोन शब्द

१९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने या आंदोलनाला जाहीररीत्या 'उपद्रव' किंवा 'दंगली' या अर्थाचा शब्द वापरला. १९४३ च्या प्रारंभी या घटनांची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका सरकारने प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातही तोच शब्द होता. परंतु ३१ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी पंतप्रधान चर्चिल यांना पाठवलेल्या गुप्त तारेत वेगळेच म्हटले होते. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याचे गांभीर्य व व्याप्ती आपण युद्धकालीन सुरक्षेच्या कारणाने जगापासून लपवली आहे, असा त्या मजकुराचा आशय होता. जाहीर बोलताना 'दंगल' आणि खासगीत 'बंड'! शब्दाची निवड अज्ञानातून झालेली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

वडूजच्या गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबर १९४२ रोजी, चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत निवेदन केले. काँग्रेस हिंदी जनतेच्या बहुसंख्येचे प्रतिनिधित्व करीत नाही, या आंदोलनामागे जपानी हस्तकांचे साहाय्य असावे आणि एवढ्या विशाल देशात मृतांची संख्या पाचशेहून कमी आहे, असे त्यांचे मुद्दे होते. प्रतिनिधित्व नाकारणे, परकीय हात दाखवणे आणि हानी किरकोळ ठरवणे, ही तीन तंत्रे लक्षात ठेवा. ती पुढेही भेटतील.

याच्या सुमारे एक वर्ष आधी, ९ सप्टेंबर १९४१ रोजी, चर्चिल यांनी अटलांटिक सनदेचा खुलासा केला होता. आपले शासन निवडण्याचा प्रत्येक जनसमूहाचा हक्क या सनदेने मान्य केला होता. तिचा संबंध प्रामुख्याने नाझी अमलाखालील युरोपीय राष्ट्रांशी आहे, असे त्यांनी सांगितले. 'प्रत्येक' या विशेषणाची व्याप्ती अशा रीतीने आक्रसली. त्या सनदेचे दुसरे प्रवर्तक, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, यांनीही युद्धातील मित्राला हिंदुस्थानच्या प्रश्नावर जाहीरपणे दुखावणे टाळले.

४.५ 'प्रति' आणि 'पत्री'

मोर्चांवरील गोळीबारानंतर सातारच्या कार्यकर्त्यांनी भूमिगत मार्ग स्वीकारला. १९४३ पासून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे, तुफान सेना, गावगुंडांचा बंदोबस्त अशी त्याची कामे होती. 'प्रति' या उपसर्गातच समांतर सत्तेचा दावा आहे. लोकांच्या तोंडी मात्र 'पत्री सरकार' हे रूप रूढ झाले. खबऱ्यांना व गुंडांना तळपायांवर मारण्याची शिक्षा दिली जाई. त्यावरून, बैलाच्या खुरांना ठोकतात तशी पत्री माणसांच्या पायांना ठोकली जाते, अशी आख्यायिका पसरली. अपरिचित संस्कृत उपसर्गाच्या जागी परिचित शब्द येणे हे लोकव्युत्पत्तीचे उत्तम उदाहरण होय. विरोधकांनी या रूपातील क्रौर्य उचलले आणि समर्थकांनी त्यातील जरब. शब्द एकच असूनही त्याला दोन भावच्छटा चिकटल्या.

४.६ अरब देश, २०११

सातारा येथे पाश्चात्त्य सरकार स्वतःच राज्यकर्ते होते. अरब देशांत ते राज्यकर्त्यांचे मित्र, ग्राहक किंवा शत्रू होते. हा भेद ध्यानात ठेवून पुढील उदाहरणे वाचा.

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझीद या गावात महंमद बोअझीझी या भाजीविक्रेत्या तरुणाने प्रशासनाच्या छळाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले. त्यातून उसळलेल्या उठावाच्या ऐन भरात फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल आलिओ-मारी यांनी फ्रेंच पोलिसांचे कौशल्य ट्युनिशियाला देऊ केले. त्यांच्या मांडणीत हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता. काही दिवसांतच, १४ जानेवारी २०११ रोजी, अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. पुढील महिन्यात आलिओ-मारी यांना पद सोडावे लागले.

२५ जानेवारीला इजिप्तमध्ये निदर्शने सुरू झाली. त्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी सर्व बाजूंनी संयम पाळावा असे आवाहन केले आणि इजिप्तचे सरकार स्थिर असल्याचे मत दिले. 'सर्व बाजू' या शब्दप्रयोगात सशस्त्र पोलीस आणि निःशस्त्र निदर्शक एकाच तराजूत बसतात. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले, तेव्हा अध्यक्ष ओबामा यांनी त्याच निदर्शकांचा गौरव केला. तहरीर चौकातील माणसे तीच होती, अठरा दिवसांत बदलला तो सत्तेचा तोल.

लिबियात गद्दाफींविरुद्ध १७ मार्च २०११ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाच्या वापरास मान्यता मिळाली आणि दोन दिवसांत हवाई हल्ले सुरू झाले. त्याच आठवड्यात बहारीनमध्ये सौदी अरेबियाच्या फौजा राजसत्तेच्या मदतीला शिरल्या. तेथील राजवटीने निदर्शनांमागे इराणचा हात असल्याचे सांगितले. बहारीन हे अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे ठाणे आहे. तेथील निदर्शकांच्या वाट्याला अमेरिकेकडून संयमाचे आवाहन आले, संरक्षण आले नाही.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या घटनांना 'अरब वसंत' म्हटले. वसंत हा ऋतू आपोआप येतो, त्याला कर्ता लागत नाही. उठावात उतरलेल्या अनेकांनी 'सौरा', म्हणजे क्रांती, हा शब्द पसंत केला. क्रांती कोणीतरी करावी लागते.

४.७ एक सावधगिरी

विद्यार्थी मित्रहो, या विवेचनाचा अर्थ असा नव्हे की सरकारचा प्रत्येक शब्द खोटा आणि आंदोलकांचा प्रत्येक शब्द खरा. 'हुतात्मा' हाही निवडलेला शब्द आहे. आपण तो का निवडतो, हे आपणांस सांगता आले पाहिजे. वडूजच्या नऊ जणांसाठी तो योग्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, परंतु ते मत आहे हे मान्य करूनच तो वापरला पाहिजे. आपणांपैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी वार्ताहर, कोणी अनुवादक. दूरच्या एखाद्या चौकात माणसे मेल्याची बातमी मराठीत आणताना 'गोळीबार झाला' असे लिहिण्याआधी तो कोणी केला, हा प्रश्न आपण विचारलात, तर या घटकाचे प्रयोजन सफल झाले.

४.८ सारांश

लोकउठावाचे नामकरण हे सत्तेशी असलेल्या नात्यानुसार बदलते. नामाची निवड, कर्त्याचा लोप, 'लागणे'सारखी सहायक क्रियापदे आणि 'सर्व बाजू'सारखे समतोल भासणारे शब्दप्रयोग ही त्याची प्रमुख भाषिक साधने होत.

४.९ आपली प्रगती तपासा

१. 'गोळीबार झाला' या वाक्यातील व्याकरणिक कर्ता आणि प्रत्यक्ष कृती करणारा यांतील फरक स्पष्ट करा.
२. 'पत्री सरकार' या शब्दाच्या आधारे लोकव्युत्पत्ती ही संकल्पना विशद करा.
३. चर्चिल यांच्या १९४२ च्या निवेदनातील तीन तंत्रांपैकी कोणते बहारीनमध्ये आढळते?
४. उपक्रम : आपल्या गावातील ज्येष्ठ व्यक्तींना १९४२ च्या चळवळीविषयी विचारा. ते कोणती नामे व क्रियापदे वापरतात याची नोंद करून दहा ओळींचे टिपण लिहा.