दुरुस्त झालं म्हणजे बरोबर झालं का?

होस्टेलवर राहणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक, मेसमधली पोळी गरम आहे तोवर जेवून घ्यावं. दोन, सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट जाणारच! लाइट परत आली की संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागतात. विंडोजवर 'चेकडिस्क', लिनक्सवर 'एफएससीके'. शेवटी सगळं ठीक असल्याचा निरोप येतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण काय चुकलंय, हे त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला कळतं तरी कसं? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, ते इथे थोडक्यात मांडतो.

मूळ तत्त्व सोपं आहे. चूक ओळखायची तर मूळ माहितीखेरीज काहीतरी जादा माहिती जवळ हवी. बेल लॅबोरेटरीजमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली हे फार सुंदर रीतीने दाखवलं. समजा, १०११ हे चार बिट पाठवायचे आहेत. त्यांत तीन जादा बिट मिसळून सात करायचे. पहिली, दुसरी आणि चौथी जागा जादा बिटांची, बाकीच्या आपल्या. नियम असा:

पहिली तपासणी : जागा १, ३, ५, ७
दुसरी तपासणी : जागा २, ३, ६, ७
तिसरी तपासणी : जागा ४, ५, ६, ७

प्रत्येक तपासणीत १ या अंकांची संख्या सम आली पाहिजे. त्याप्रमाणे आपला संदेश होतो ०११००११. आता वाटेत पाचवा बिट उलटला आणि पोचलं ०११०१११. पहिली तपासणी चुकते, दुसरी बरोबर येते, तिसरी चुकते. पहिलीची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४. चुकलेल्यांची बेरीज १ + ४ = ५. म्हणजे पाचवा बिट उलटा करा, काम फत्ते! वहीवर करून बघा, मजा येते.

आता खरी गंमत. पाचवा आणि सहावा असे दोन बिट एकदम उलटले तर? पहिल्या दोन तपासण्या चुकतात, बेरीज येते ३. मग ही पद्धत धडधाकट असलेला तिसरा बिट उलटवते, आणि तिन्ही तपासण्या पुन्हा जुळतात! एका वेळी एकच चूक होईल हे तिनं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक मोडलं की दुरुस्तीच नवी चूक करते, तीही बेमालूमपणे.

डिस्कचंही असंच. कुठली फाइल कोणत्या जागांवर आहे याची नोंद एकीकडे, कोणत्या जागा भरलेल्या आहेत याची नोंद दुसरीकडे. मधेच लाइट गेली की दोन्हींचा मेळ बसत नाही. तपासणारा प्रोग्रॅम हा जमाखर्च जुळवतो. विंडोज बेवारस तुकडे '.सीएचके' फायलींमध्ये टाकतं, तर लिनक्स नाव हरवलेल्या फायली 'लॉस्ट+फाउंड' मध्ये ठेवतं. पुढे 'जर्नल' आलं. आपल्याकडे दुकानदार आधी कच्च्या वहीत लिहितो, मग पक्क्या वहीत उतरवतो, तसंच हे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये आणि २००१ साली लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी३ मध्ये हीच सोय आहे. पण या वहीत सहसा फायलींच्या नोंदींचा हिशेब असतो, आतल्या मजकुराचा नाही. म्हणजे डिस्क सुरळीत, पण रिपोर्टचं शेवटचं प्रकरण गायब, असं होऊ शकतं. प्रोग्रॅम खोटं बोललेला नसतो. त्याचं 'ठीक' आणि आपलं 'ठीक' वेगळं असतं, इतकंच.

इथवर माहितीतल्या चुका झाल्या. प्रोग्रॅममधलीच चूक आपोआप दुरुस्त करता येईल का? २००९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि न्यू मेक्सिको विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'जेनप्रॉग' सादर केलं. ते त्याच प्रोग्रॅममधली विधानं उचलून इकडची तिकडे लावतं, काही पुसतं, आणि असे शेकडो नमुने चाचण्यांवर चालवून पाहतं. चाचण्या पास झाल्या की दुरुस्ती सापडली! २०१२ च्या निबंधात १०५ पैकी ५५ चुका दुरुस्त झाल्याचं मांडलं होतं. २०१५ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी त्या दुरुस्त्या उघडून पाहिल्या. खऱ्या अर्थाने बरोबर निघाल्या फक्त २ चुकांवरच्या! बऱ्याच ठिकाणी अडचणीचं कामच काढून टाकलेलं होतं. एकदा तर क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती अशी झाली, की तो रिकामी यादी परत देऊ लागला. रिकाम्या यादीत क्रम चुकणार कसा? चाचणी पास!

हसू येतं खरं, पण दोष यंत्राचा नाही. उत्तर क्रमाने आहे का एवढंच चाचणी विचारत होती. 'दिलेले सगळे आकडे उत्तरात आहेत का?' हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणूनच २०१८ मध्ये फेसबुकने 'सॅपफिक्स' आणलं तेव्हा शेवटची मंजुरी इंजिनिअरच्याच हाती ठेवली. २०१६ च्या लास व्हेगासमधल्या 'सायबर ग्रँड चॅलेंज' स्पर्धेत सात यंत्रं माणसाचा हात न लागता चुका शोधून बुजवत होती. तिथेही बुजवताना प्रोग्रॅमचं मूळ काम बिघडलं किंवा तो मंदावला तर गुण कापले जात.

आता तर भाषा-प्रारूपांना कोड दिला की ती क्षणात दुरुस्ती सुचवतात. आपण ती चिकटवतो, प्रोग्रॅम चालतो, जर्नलवर सही मिळते. पण व्हायवात सरांनी विचारलं, 'हे बरोबर कशावरून?', तर 'सर, रन होतंय' हे उत्तर नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे : दुरुस्ती खुशाल यंत्राकडून करून घ्या, पण 'बरोबर' म्हणजे काय हे आधी स्वतः लिहून काढा. ते काम अजून आपलंच आहे, आणि इंजिनिअर म्हणून आपल्याला पगार मिळेल तोही बहुधा त्याचाच.

आणि हो, रिपोर्टची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. जादा माहिती नसेल तर हॅमिंगसाहेबसुद्धा काही करू शकत नाहीत!