रक्तदाब, नाडी आणि हृदयाचे कष्ट

'डॉक्टर, बी.पी. किती?' एवढे विचारून बरेच पेशंट उठतात. नाडी किती, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक हृदयाला किती कष्ट पडत आहेत, याचा अंदाज या दोन्ही आकड्यांवरून बांधता येतो.

हृदय हा एक पंपच आहे. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मि.लि. रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर! आता विहिरीवरची मोटर आठवा. पाणी तेवढेच, पण टाकी उंचावर असेल तर वीज जास्त लागते. वाढलेला रक्तदाब म्हणजे उंचावरची टाकी. हृदयाची 'वीज' म्हणजे प्राणवायू.

हिशेब सोपा आहे. रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला नाडीच्या ठोक्यांनी गुणावे. १२० गुणिले ७० म्हणजे ८,४००. दाब १५० आणि नाडी ९० असेल तर १३,५००, म्हणजे दीडपटीहून अधिक बोजा, तोही बसल्या जागी! श्रम करताना हा आकडा वाढणे स्वाभाविक आहे. म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाच्या छातीत बहुधा ठराविक बोजाला दुखू लागते. थंडीत किंवा भरपेट जेवणानंतर थोडे चालूनही दुखते, ते यामुळेच.

मात्र हा आकडा बोजा सांगतो, ताकद नव्हे. अशक्त हृदयाचा दाब कमीही असू शकतो. त्यामुळे आकडा लहान म्हणजे हृदय उत्तम, असे समजू नये. ते ठरवायला तपासणीच हवी.

रक्तदाबाच्या काही गोळ्या दाब आणि नाडी दोन्ही कमी करतात. 'आता बरे वाटते' म्हणून त्या एकदम बंद केल्यास बोजा अचानक वाढतो; हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच.

घरच्या मशीनवर नाडीही दिसते. वहीत दोन्ही आकडे तारखेसह लिहा आणि तपासणीला येताना ती वही आणा. पण छातीत दुखून घाम फुटला, तर गुणाकार करत बसू नका. तडक दवाखाना गाठा.