जवळचे वाचनालय : ते बंद कसे पडते आणि लोक ते कसे राखतात



सुरतेत ग्रंथालय म्हटले की घोडदोड रोडवरचे महानगरपालिकेचे कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय डोळ्यांपुढे येते. जुन्या सुरतेशी नाते असलेल्यांना १८५० साली स्थापन झालेली अँड्र्यूज लायब्ररी आठवेल. दोन्ही आपल्या शहराची भूषणे आहेत. पण लिंबायत, उधना किंवा डिंडोली येथे राहणाऱ्या पाचवीतल्या मुलीला तेथे एकटीने जाता येईल का? रस्त्यावरची रहदारी, रिक्षाचे भाडे आणि सोबत नेणाऱ्या मोठ्या माणसाची सवड हे सगळे जमले तर पुस्तक हाती येणार. म्हणून मोठ्या ग्रंथालयाला शाखा लागतात आणि वस्तीत एखादी खोली असली तरी चालते, फक्त ती पायी जाण्याच्या अंतरावर हवी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा एक नियम आहे. शाखेचे सारे मर्म त्यातच आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. नवसारी पूर्वी बडोदे संस्थानात होती. सयाजीराव महाराज गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे ओळखून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिलेच. पण खरे काम गावोगावी झाले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती लहान गावांना पाठवीत. १९१२ पासून ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे.

त्यातली पैशांची व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. गावाने वर्गणी काढून ठराविक रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे एक तृतीयांश भार गावाचा. महाराजांना सगळा खर्च करणे अशक्य नव्हते, तरी त्यांनी हा वाटा लोकांकडेच ठेवला. वर्गणी भरलेला माणूस वाचनालय उघडले का, नवे पुस्तक आले का याची चौकशी करतो. फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी सहसा कोणी करत नाही, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

आता वाचनालय बंद कसे पडते ते पाहू. कुलूप एका दिवसात लागत नाही. आधी संध्याकाळची वेळ कमी होते. नोकरदार माणूस आणि शाळेतून आलेले मूल नेमके तेव्हाच येऊ शकते, त्यामुळे वाचक घटतात. मग नव्या पुस्तकांची खरेदी थांबते, दोन वर्तमानपत्रांपैकी एक बंद होते, ग्रंथपालाची बदली होते आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. दोन-तीन वर्षांनी अहवाल तयार होतो : देवघेव अत्यल्प, सबब शाखा चालू ठेवणे परवडत नाही. अहवालातला आकडा खोटा नसतो. तो आकडा कसा घडला, एवढेच त्यात लिहिलेले नसते. म्हणून शाखा वाचवू पाहणाऱ्यांनी आकड्यांवर रागावून भागत नाही, आकडे वाचायला शिकावे लागते.

याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. तेथे १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवा देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच ठरवले आहे. तरीही २०१० नंतर खर्चकपातीच्या काळात शेकडो शाखा बंद झाल्या. स्टोनी स्ट्रॅटफर्ड या छोट्या गावाची शाखा बंद होणार असे कळले, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये गावकऱ्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक सभासदाला एका वेळी पंधरा पुस्तके नेता येत होती. सर्वांनी आपापल्या कार्डावर पूर्ण पंधरा पुस्तके घेतली आणि थोड्याच दिवसांत सुमारे १६,००० पुस्तकांची सारी कपाटे रिकामी केली. घोषणा नाहीत, दगडफेक नाही, नियमभंगही नाही. रिकाम्या कपाटांची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि शाखा बंद झाली नाही.

लंडनच्या ब्रेंट भागात मात्र असे सरळ झाले नाही. वेम्बली याच भागात येते. गुजरातेतून गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रेंटच्या बारापैकी सहा शाखा बंद झाल्या. त्यांतली केन्सल राइझची शाखा १९०० साली मार्क ट्वेन या विख्यात लेखकाच्या हस्ते उघडली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि हरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपीलही फेटाळले गेले. पुढल्या वर्षी एका रात्री पालिकेची माणसे येऊन आतली पुस्तके घेऊन गेली. लोकांनी इमारतीबाहेर पदपथावरच पुस्तके मांडून वाचनालय चालू ठेवले. अखेर २०१९ साली त्याच इमारतीच्या तळमजल्यावर लोकांनी चालवलेले वाचनालय पुन्हा सुरू झाले. आठ वर्षे! पहिलीत असलेले मूल तेवढ्यात नववीत गेले.

गंमत अशी, की २०११ सालीच ग्लॉस्टरशर आणि सॉमरसेट या दोन जिल्ह्यांचे रहिवासी अशाच दाव्यात जिंकले. शाखा बंद केल्याने वृद्ध, अपंग व मुले यांचे काय होईल याचा कायद्याने सांगितलेला विचार तेथील कौन्सिलांनी पुरेसा केला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. वाचनालयावर आपले प्रेम आहे, एवढे सांगून कोर्टात भागत नाही. कोणाचे नेमके काय अडेल, हे दाखवावे लागते.

स्वयंसेवकांनी वाचनालय चालवावे का, यावर मतभेद आहेत. ब्रेंटमधल्या प्रेस्टन व बारहॅम या शाखांच्या जागी आज स्वयंसेवकांची वाचनालये आहेत आणि ती उत्तम चालतात. तरी मला वाटते, हा शेवटचा उपाय असावा. ‘लोक चालवतातच की’ असे म्हणून ज्याचे कर्तव्य आहे तो हात झटकू शकतो. शिवाय प्रशिक्षित ग्रंथपालाची जागा उत्साह भरून काढत नाही.

महाराष्ट्रातली रीत थोडी वेगळी आहे. तेथे १९६७ च्या कायद्यानुसार बहुतेक वाचनालये लोकांच्या संस्था चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देते. म्हणजे लोकांचा वाटा आधीपासूनच आहे. उणीव असते ती अनुदानाची आणि सेवकांच्या पगाराची. पण चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर पाहा. १८६४ सालची ही संस्था २००५ च्या पुरात बुडाली, सावरली आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुन्हा बुडाली. ठिकठिकाणच्या वाचकांनी पुस्तके व देणग्या दिल्या आणि वाचनालय परत उभे राहिले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात पाहिलेल्या पालकांना त्या चिखलाची कल्पना वेगळी द्यायला नको. (आपली शाळेची पुस्तके खालच्या कप्प्यात ठेवू नयेत, हे जाता जाता.)

गुजरातेत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा २००१ सालचा आहे. कोलकात्याची राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्राची संस्थाही १९७२ पासून राज्यांमार्फत ग्रंथालयांना साहाय्य करते. आपल्यापुढचा प्रश्न मात्र आणखी बारीक आहे. खानदेशातून, कोकणातून आलेल्या आपल्या घरांत मुले आता बहुधा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात. अशा वेळी वाचनालय उघडे राहूनही त्यातले मराठीचे कपाट बंद पडू शकते. नोटीस लागत नाही, बातमी येत नाही. मराठी पुस्तक वर्षभर कोणी नेले नाही, तर पुढच्या खरेदीच्या यादीत मराठी कशाला, असे कोणीही विचारील. त्याला उत्तर देणारी एकच जागा म्हणजे देवघेवीची नोंदवही.

पुढील अंकापर्यंत करावयाचा अभ्यास : आपल्या घरापासून जवळच्या वाचनालयापर्यंत पायी किती मिनिटे लागतात ते मोजा. ते किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, तेथे मराठी पुस्तके किती आणि त्यांतले सर्वांत अलीकडचे कोणत्या साली छापलेले, याची नोंद करा. सातवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी पालकांसह जाऊन गेल्या वर्षीच्या देवघेवीचा आकडा विचारावा. तो तोंडी मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करतात, हे पालकांकडून समजून घ्यावे आणि अर्जाचा मसुदा गुजरातीत लिहावा. विश्वस्त मंडळींना विनंती, की या नोंदी एकत्र करून वहीत डकवाव्यात आणि ती वही शाळेच्या वाचनालयात ठेवावी. येताना आपापल्या नावाचे सभासद कार्ड मात्र प्रत्येकाने करून आणावे.