वैमानिकाचे लक्ष कुठे होते?

प्रश्न : आमचे शेत सांबऱ्यात विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. शिकाऊ विमाने दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, मधूनच मोठे प्रवासी विमान उतरते. अहमदाबादच्या विमान अपघातापासून आमच्या पारावर एकच वाद चालू आहे. कोणी म्हणतो वैमानिकाचे लक्ष नव्हते, कोणी म्हणतो कंपन्या आपले पाप मेलेल्या माणसाच्या माथी मारतात. एवढे तज्ज्ञ, एवढी यंत्रे आणि ब्लॅक बॉक्स असूनही कारणावर एकमत का होत नाही?
– एक वाचक, सांबरा

उत्तर : पारावर दोन तट पडले यात नवल नाही. विमान वाहतूक खात्यात, कोर्टात आणि वैमानिकांच्या संघटनांतही असेच तट पडतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण तुमच्याच राज्यात घडले आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान मुंबईहून बेंगळूरला निघाले होते. दुपारी एकचा सुमार, ऊन लख्ख, धावपट्टी समोर स्वच्छ दिसत होती. विमान एअरबस ए-३२०, ताफ्यात दाखल होऊन जेमतेम काही आठवडे झालेले. एचएएल विमानतळाची धावपट्टी गाठण्याआधीच ते अलीकडच्या गोल्फच्या मैदानावर टेकले, उसळले, पुढे बांधाला धडकले आणि पेटले. आत १४६ जण होते, त्यांतले ९२ गेले. ना वादळ, ना धुके, ना इंजिनात बिघाड. मग झाले काय?

कॉकपिटमध्ये त्या दिवशी परीक्षा चालू होती. डाव्या खुर्चीत कॅप्टन फर्नांडिस विमान चालवत होते आणि उजवीकडे त्यांची तपासणी घेणारे कॅप्टन गोपुजकर. ए-३२० तेव्हा आपल्याकडे अगदी नवे होते. त्यात इंजिनाला किती जोर द्यायचा हे संगणक ठरवतो, आणि तो कोणत्या पद्धतीने ठरवतो हे वैमानिकाने निवडलेल्या ‘मोड’वर अवलंबून असते. उतरताना शेवटच्या टप्प्यात संगणकाने वेग सांभाळायला हवा. पण हे विमान ‘आयडल ओपन डिसेंट’ नावाच्या मोडमध्ये होते. या मोडमध्ये इंजिने मंद फिरत राहतात आणि वेग सांभाळण्याचे काम विमानाच्या नाकावर, म्हणजे ते किती खाली झुकले आहे त्यावर सोडलेले असते. नाक वर ओढले की वेग पडतो.

आता शेवटचे अर्धे मिनिट पाहा, कारण सगळा वाद त्यात आहे. आपण त्या मोडमध्ये आहोत हे दोघांच्या बोलण्यात आले होते. तो मोड सोडायचा तर दोघांच्याही समोरचे ‘फ्लाइट डायरेक्टर’, म्हणजे विमान कसे न्यायचे ते पडद्यावर सुचवणारी यंत्रणा, बंद व्हायला हवेत. एकाने आपला बंद केला, दुसऱ्याचा चालूच राहिला. त्यावर थोडे बोलणे झाले आणि तो चालूच राहिला. त्याच वेळी यंत्राचा आवाज उंची मोजत होता : चारशे, तीनशे, दोनशे. वेग १३२ नॉट राहायला हवा होता, तो घसरत होता. वेगाचा आकडा दोघांच्याही पडद्यावर होता. पण बोलणे फ्लाइट डायरेक्टरचे चालले होते, आणि नजर बोलण्यामागे जाते. विमान खाली चालले आहे हे ध्यानात येऊन इंजिनाला जोर देणारे लिव्हर पुढे ढकलले तेव्हा जमीन दीडशे फुटांच्या आत आली होती. मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद उरले नव्हते.

चौकशी कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्याकडे होती. निष्कर्ष असा : परिस्थितीचे गांभीर्य वैमानिकांना कळले नाही, आणि उंचीचे आकडे कानावर पडत असूनही त्यांनी वेळेत जोर दिला नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांना एवढे पुरले. पण याच निष्कर्षात पुढे आणखी एक वाक्य आहे आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. ऐन उतरण्याच्या वेळी तो मोड लागलाच कसा, हे निश्चित सांगता येत नाही, असे त्यात कबूल केले आहे. एक तर्क बराच गाजला. खाली उतरण्याचा दर मिनिटाला सातशे फूट ठेवायचा होता. तो लावण्याची कळ आणि उंची लावण्याची कळ एकाच पट्टीवर असतात. ‘सातशे’ हा आकडा चुकून उंचीच्या कळीवर लागला असावा. तर्क पटण्याजोगा आहे, पण तो तर्कच राहिला.

वैमानिकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा पुढे आला, आणि तो कॉकपिटात बसल्याशिवाय सुचत नाही. जुन्या विमानांत संगणकाने जोर कमी केला की मधले लिव्हर स्वतःहून मागे सरकत. त्यावर ठेवलेल्या हाताला, डोळा दुसरीकडे असला तरी, इंजिनाचा जोर उतरल्याचे कळे. ए-३२० मध्ये लिव्हर जागचे हलत नाहीत. एसटीच्या ड्रायव्हरचा ॲक्सिलरेटरवर पाय आहे, गाडी हळू होत चालली आहे आणि पायाला काहीच कळत नाही, असे झाले तर त्याने दरवेळी काट्याकडे बघायचे का? निर्मात्यांचे उत्तर होते, होय, बघायचे; त्यासाठीच आकडा समोर ठेवला आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच हा वाद मिटत नाही. भारत सरकारने तर आधी सारी ए-३२० जमिनीवर बसवली आणि नंतर टप्प्याटप्प्याने परत उडवली.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ एअर इंटरचे ए-३२० डोंगरावर आदळले. ९६ पैकी ८७ ठार. खाली उतरण्यासाठी अंशांत कोन देण्याऐवजी वैमानिकांनी त्याच आकड्याने मिनिटाला हजारो फुटांचा दर दिला असावा, असा तपासकांचा अंदाज. ३.३ अंश आणि ३३०० फूट, दोन्ही आकडे दाखवणाऱ्या एकाच खिडकीत, एकाच कळीने, जवळजवळ सारखेच दिसत. एअरबसने त्यानंतर आकडे दाखवण्याची पद्धत बदलली. दोन देशांतले अनुभवी वैमानिक एकाच जातीच्या चुकीत सापडत असतील, तर नुसते ‘लक्ष नव्हते’ म्हणून मोकळे होता येणार नाही. लक्ष का हुकले, हा पुढचा प्रश्न विचारल्यामुळेच ती खिडकी बदलली.

तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू पैशाची आहे. त्यासाठी मुंबईला जाऊ. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे पहिले जम्बो, ‘एम्परर अशोक’, उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ पैकी कोणीही वाचले नाही. आधी घातपाताचा संशय आला, पण अवशेषांत स्फोटाची खूण सापडली नाही. कॅप्टन मदनलाल कुकर यांच्यासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र उजवीकडे कललेल्या स्थितीत अडकले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आभाळ. खरे क्षितिज दिसायला दिवा नाही. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून ते डावीकडे वळवत गेले. सहवैमानिकाचे यंत्र बहुधा ठीक होते, पण त्यांचे बोलणे असे निघाले की दोन्ही यंत्रे एकच सांगतात असा समज व्हावा. त्या यंत्रावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया सांगत होते. त्यांचा हा आवाज कोसळण्याच्या पाचेक सेकंद आधीचा आहे.

भारतीय चौकशीने यंत्राचा बिघाड मान्य केला आणि त्यानंतरच्या हाताळणीला कारण ठरवले. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोईंग आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. तिथल्या फेडरल कोर्टात न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी १९८५ मध्ये कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. पण यंत्र बिघडणे वेगळे आणि ते बनवण्यात हयगय झाल्याचे सिद्ध होणे वेगळे. चौकशी विचारते, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचे? कोर्ट विचारते, भरपाई कोणी द्यायची? विमा कंपनी, विमान कंपनी, निर्माता, वैमानिकांची संघटना या सगळ्यांचे वकील एकाच ध्वनिफितीतून आपापल्या कामाचे शब्द उचलतात. ब्लॅक बॉक्स आवाज आणि आकडे जपतो. माणसाची नजर कुठे होती हे त्यात उमटत नाही, ते शेवटी कोणीतरी अनुमानानेच सांगतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तपासविषयक नियमांत तर स्पष्ट लिहिले आहे की तपासाचा हेतू फक्त पुढचे अपघात टाळणे आहे, दोष वाटणे नाही. भारतात २०१२ पासून हे काम विमान अपघात तपास विभागाकडे, म्हणजे एएआयबीकडे आहे. त्याआधी मोठ्या अपघातांची चौकशी न्यायालयीन धाटणीने होई आणि दोषाची वाटणीही मग ओघाने येई. औरंगाबादचे उदाहरण घ्या. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून मुंबईकडे झेपावणारे बोईंग धावपट्टीच्या पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ५५ जण गेले. ठपका दोघांवर आला : नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याबद्दल वैमानिकांवर, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याबद्दल विमानतळ प्राधिकरणावर. मला विचाराल तर धावपट्टीच्या तोंडाशी ट्रक येऊ देणारी व्यवस्था हा मोठा गुन्हा होता. वैमानिकाची चूक कधीतरी होणारच असे धरूनच रस्ता आखायचा असतो.

अहमदाबादविषयी एवढेच. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच सेकंदाभराच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेल्याची नोंद आहे. ‘तू बंद का केलेस’ असे एकाने विचारल्याची आणि ‘मी केले नाही’ असे दुसऱ्याने सांगितल्याचीही आहे. कोण बोलले हे त्यात दिलेले नाही आणि कारणही सांगितलेले नाही. प्राथमिक अहवाल ते सांगण्यासाठी नसतोच. त्या दोन वाक्यांवरून कोणाला गुन्हेगार ठरवणारे पारावर असोत की परदेशी वृत्तपत्रांत, दोघेही घाई करत आहेत.

प्रश्न : मुलगा मुंबईहून कधी कोल्हापूरला उजळाईवाडीला उतरतो, कधी सांबऱ्याला. कॉकपिटमध्ये चहा आणि गप्पा चालतात असे ऐकून आहे. खरे आहे का? आणि वैमानिकाचे लक्ष राहावे म्हणून आपण खाली बसून काही करू शकतो का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वर गेल्यावर चहाही होतो, गप्पाही होतात, आणि ते बरेच आहे, गप्प बसलेला माणूस पेंगतो. बंदी असते ती दहा हजार फुटांखाली. चढताना आणि उतरताना कामाखेरीज बोलणे नाही, हवाई सुंदरीने किरकोळ कामासाठी दार वाजवायचे नाही. अमेरिकेने १९८१ मध्ये हा नियम केला आणि पुढे तो जगभर पसरला, आपल्याकडेही आहे. उतरण्याआधी विमानातली मंडळी एकदम गंभीर होतात ती त्यामुळे.

लक्ष मात्र गप्पांपेक्षा कामातच जास्त हरवते. २९ डिसेंबर १९७२ ला मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टारची पुढची चाके खाली आल्याचा दिवा लागेना. बल्ब जळाला होता, एवढेच. कॉकपिटमधले सगळे त्या बल्बच्या मागे लागले. दरम्यान ऑटोपायलटला नकळत धक्का लागून तो निसटला आणि विमान दोन हजार फुटांवरून अलगद उतरू लागले. उंची सुटल्याची घंटा वाजली, ती कोणाच्या कानात शिरली नाही. १७६ पैकी १०१ जण दगावले. सगळे मन लावून काम करत होते. तेव्हापासून एकाने बिघाड पाहायचा आणि दुसऱ्याने फक्त विमान उडवायचे, हे शिकवण्यावर जोर आला.

खाली बसून करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापायला आणि कचरा टाकायला विमान नियमांत बंदी आहे, कारण त्यावर घारी जमतात आणि उतरणाऱ्या विमानासमोर येतात. सांबरा, निलजी, मुतगे, बाळेकुंद्री ही सगळी गावे त्या वर्तुळात येतात. ग्रामपंचायतीच्या सभेत हा विषय काढा. दुसरे, गणपतीच्या आणि वरातीच्या मिरवणुकीतले लेझरचे झोत आकाशात सोडू देऊ नका. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांत तो झोत गेला तर पुढचे काही क्षण त्याला समोरची धावपट्टी दिसत नाही. मंडळाच्या बैठकीत हे एकदा तरी सांगा.