गारव्याआडचा धूर

धूर प्रथमच घशात गेला की खोकला येतो. ही सृष्टिकर्त्याने देहात ठेवलेली सावधानतेची सूचना आहे. मेन्थॉलयुक्त सिगारेट नेमकी तीच दाबते. पुदिन्याच्या चवीने घसा गार वाटतो, खोकला शमतो आणि धूर सहज आत ओढला जातो. निकोटीन आणि डांबर मात्र तसेच राहते. मोहोळहून सोलापूरला शिकायला जाणाऱ्या तरुणाला मित्र ‘ही सौम्य असते’ असे सांगतो, तेव्हा तो स्वतःही फसलेलाच असतो. सुगंधी मावा-गुटख्याचेही तसेच.

पवित्र कुरआनने (२:१९५) स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे. तंबाखूला काही उलमा हराम ठरवतात, काही मकरूह; परंतु मकरूह म्हणजे परवाना नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येण्यासही मना केले. मग धुराच्या दुर्गंधीसह सफमध्ये उभे राहणे कसे शोभेल?

कायद्याने १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदीही आहे. तथापि जो पिता स्वतःची पुडी आणायला मुलालाच टपरीवर धाडतो, त्याच्या घरी कायदा काय करणार? पालकांनो, मुलाचा खिसा तपासण्यापूर्वी आपला रिकामा करा.

तरुणांनो, रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तुम्ही तंबाखूविना राहताच. तोच संयम इफ्तारनंतरही टिकवा. कयामतच्या दिवशी तारुण्य आणि संपत्ती कशात खर्चली, हे विचारले जाणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.