पिंपाकृति निवडुंग व त्याची मायभूमि

पिवळ्या काट्यांचा, पिंपासारखा गोल निवडुंग हल्लीं आपल्याकडील रोपवाटिकांत सर्रास विकावयास असतो. हौसेनें तो घेणारे पुष्कळ जण त्यास रोज पाणी घालतात, आणि मग बुडापासून कुजला म्हणून हळहळतात. हें टाळावयाचें तर झाड मूळचें कोठलें तें आधीं पाहिलें पाहिजे.

पिंपाकृति निवडुंगांची मायभूमि मेक्सिको व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग ही होय. वाळवंट म्हटलें कीं आपणांस वाळूच्या टेकड्या आठवतात. पण या झाडांची आवडती जागा म्हणजे मुरमाड उतार व खडकांच्या भेगा. तेथें पाऊस थोडा, आणि पडलेलें पाणी मुळांशीं तुंबत नाहीं. अंगावरील उभे कंगोरे भात्याप्रमाणें फुगून तें सांठवितात व कोरड्या दिवसांत आकसतात. खोडावरील रंध्रें रात्रीं उघडतात, म्हणून दिवसाच्या उन्हांत ओल उडून जात नाहीं. कोंवळें रोप मात्र बहुधा झुडपाच्या किंवा दगडाच्या सावलींतच तग धरतें. तहानलेला वाटसरू हें पिंप फोडून पाणी पितो, ही केवळ ऐकींव गोष्ट. आंत चिकट गर असतो, आणि तो पुष्कळदां पोटास बाधतो.

आपल्याकडे येणारी सोनेरी जात मध्य मेक्सिकोंतील केरेतारो व इदाल्गो प्रांतांच्या सीमेवरील दऱ्यांत, उभ्या कड्यांवर वाढते. १८९१ सालीं हिल्डमन यांनीं तिचें वर्णन करून तीस ग्रुझन या जर्मन कारखानदाराचें नांव दिलें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत तेथें विजेसाठीं सिमापान धरण बांधलें गेलें व तिच्या वसतीचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. उरलेलीं झाडें चोरून उपटणारेही निघाले. विजेची गरज आम्ही नाकारीत नाहीं. पण जगभरच्या बागांत मिरविणारें झाड स्वतःच्या रानांत धोक्यांत यावें, याचा विषाद वाटतो.

म्हणून बियांपासून वाढविलेलेंच रोप मागून घ्यावें. कुंडींत निम्म्याहून अधिक मुरूम व जाड रेती असावी, तळाचें भोंक मोकळें असावें. माती पुरती सुकल्यावरच पाणी द्यावें. हिंवाळ्यांत जवळजवळ बंद ठेवावें. कोंकणासारख्या अतिपावसाच्या भागांत आषाढापूर्वीं कुंडी वळचणीच्या आंत, पण उजेडांत न्यावी. फुलांची घाई करूं नये. तीं येण्यास पंधरा-वीस वर्षें सहज लागतात.