अपग्रेड : आधी बॅकअप, मग बटण

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, आणि दहावीचा मराठीचा पेपर मी देवाचं नाव घेऊन दिला होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं. कारण ज्या रात्रीची ही गोष्ट आहे, त्या रात्री एका मामांनी फोनवरून अस्सल मराठीत ४८ आकडे वाचून दाखवले आणि आमची अब्रू वाचवली.

त्या रात्री काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही. तो चालतोच. पण सुरक्षेत नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारी नेहमीची अपडेट्स येणं थांबतं. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये विंडोज ११ ची साथच आली होती. मी कॉम्प ब्रँचची, म्हणजे आपोआपच साथीची डॉक्टर!

रूममेटचा लॅपटॉप हातात घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं एवढं मला माहीत होतं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी. ती मदरबोर्डवर वेगळी चिप म्हणून असते किंवा प्रोसेसरच्या पोटातच असते. ती चालू आहे का बघायला मी बायोसमध्ये शिरले. चालू होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण खाली 'क्लिअर' असा ऑप्शन दिसला. मला वाटलं, क्लिअर म्हणजे साफसफाई. दाबला.

लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागू लागला. तिची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती, आणि ती उघडणारी किल्ली ज्या तिजोरीत होती ती तिजोरीच मी रिकामी केली होती. डिस्कवर मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट. सबमिशन सकाळी दहाला. कॉपी दुसरीकडे कुठेच नाही.

ती ओरडली नाही, हेच जास्त वाईट होतं. कॉटवर बसून एवढंच म्हणाली, "अगं, माझा रिपोर्ट?"

रिकव्हरी की बहुतेक वेळा लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला, त्या अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते. हा लॅपटॉप तिच्या मामांनी घेऊन दिला होता आणि अकाउंटही त्यांचंच. रात्री साडेअकराला फोन केला. मामा झोपेतून उठले, मोबाईलवर अकाउंट उघडलं आणि वाचायला लागले, "एकोणसाठ, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी..." माझं डोकं गरगरलं. म्हटलं, "मामा, प्लीज एकेक आकडा सांगा ना!" मामा हसले. "बाळा, इंजिनिअर होणार ना तू?"

सहा आकड्यांचे आठ गट. इथे एक गंमत सांगते, जी मला नंतर कळली. या कीमधल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. गटातला एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर भाग जात नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. मॅथ्सचे सर म्हणतात ना, डिव्हिजिबिलिटी कुठे ना कुठे उपयोगी पडते!

आठवा गट टाकला आणि लॅपटॉप सुरू झाला. सगळ्यात आधी रिपोर्ट पेनड्राइव्हवर कॉपी केला. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पोरी, बॅकअप घेतला होतास का?" मी गप्प.

मोडतात त्या तीन गोष्टी

त्यानंतर मी जरा अभ्यास केला. आधीच्या अपग्रेडच्या वेळी लोकांना काय काय अनुभव आले ते वाचलं. सगळ्या तक्रारींचे मला तीनच प्रकार दिसले.

पहिला, ड्रायव्हर. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली. तेव्हा अनेक जुन्या प्रिंटर, स्कॅनर आणि ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर तयारच नव्हते. माणसाने नवीन घर घ्यावं आणि जुन्या फर्निचरला दारातून आत येता येऊ नये, तशी गत. पुढे ड्रायव्हर येत गेले. २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आली तेव्हा हा त्रास बराच कमी झाला होता.

दुसरा, सवय. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं. वर्षानुवर्षं ज्या जागी हात जायचा, तिथे काहीच नाही! लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आलं. विंडोज ११ ने स्टार्ट बटण टास्कबारच्या मधोमध आणलं तेव्हाही कुरकुर झाली. पण ते सेटिंग्जमधून पुन्हा डावीकडे नेता येतं.

तिसरा, फाईल. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं. काही लोकांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी हलवले होते, पण काही फाईल्स जुन्याच जागी राहिल्या होत्या. अपडेटने ती जुनी जागा फाईल्ससकट पुसून टाकली. काही दिवसांतच अपडेट थांबवावं लागलं आणि दुरुस्त करून ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं गेलं.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. ड्रायव्हर आज नाही तर उद्या मिळतो. सवय पंधरा दिवसांत लागते. पण गेलेली फाईल परत येईलच असं नाही. म्हणून भीती वाटायचीच असेल, तर ती नव्या स्क्रीनची वाटू नये, फाईल्सची वाटावी.

मग करायचं काय?

१. फाईल्स पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि दुसऱ्या मशीनवर त्या उघडून बघा. डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी हा बॅकअप नाही. बऱ्याचदा सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं असतात.

२. बिटलॉकरची रिकव्हरी की आधीच शोधून वहीत लिहून ठेवा. ज्याच्या अकाउंटवर लॅपटॉप आहे तो मामा, दादा किंवा दुकानदार कोण, हे रात्री साडेअकराला शोधायची वेळ आणू नका.

३. टीपीएम बघायला बायोसमध्ये जायची गरज नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी टाईप करा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की झालं.

४. अपग्रेडनंतर पटलं नाही तर साधारण १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्या दिवसांत जागा रिकामी करायच्या नादात जुनी विंडोज पुसू नका.

५. फर्स्ट इयरवाल्यांसाठी : टर्बो सी हा डॉसच्या काळातला १६-बिट प्रोग्रॅम आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्समधून चालतो. खरं तर जीसीसी शिकून घ्या, भलं होईल.

ज्यांचं मशीन बसत नाही

शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीचा लॅपटॉप सेकंडहँड आहे, इंटेलच्या सातव्या पिढीचा. तिच्या बाबांनी सोयाबीनचे पैसे आल्यावर घेऊन दिलेला. त्यात टीपीएम २.० आहे, रॅम ८ जीबी आहे, पण विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. एका पिढीने हुकलं! ती म्हणाली, "बाबांना काय सांगू, दोन वर्षांत लॅपटॉप बाद झाला म्हणून?"

बाद झालेला नव्हता. लिनक्स मिंट टाकता आलं असतं. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं तर छान पळत होतं. पण ती सिव्हिलची, आणि ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा अपडेटची योजना जाहीर झाली होती, त्यात आम्ही तिचं नाव नोंदवलं. अर्थात बॅकअप घेऊन! त्या लॅपटॉपवर तिने त्या सेमिस्टरच्या सगळ्या शीट्स काढल्या. बाबांना काहीच सांगावं लागलं नाही.

थोडक्यात काय, अपग्रेड हे एक बटण नाही, ती आपल्या मशीनची ओळख आहे. काय आहे, काय नाही, किल्ली कुणाकडे आहे, हे माहीत असलं की बटण कुणीही दाबू शकतं.

रूममेटला रिपोर्टमध्ये चांगले मार्क मिळाले. दिवाळीत ती गावी गेली तेव्हा मामांनी माझ्यासाठी चकल्या पाठवल्या. डब्यावर चिठ्ठी होती : "एकूण एकोणपन्नास आहेत. मोजून घे."

मी मोजल्या. बरोबर एकोणपन्नास, म्हणजे ४९.